खाटेजवळचं इंग्रजी

मिरजेत सर्जिकल वॉर्डला असताना इंग्रजी शब्दांची मला कधी वाण पडली नाही. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं इंग्रजी, केस पेपर इंग्रजी, डॉक्टरांचा राउंड अर्धा इंग्रजी. पेशंटशी बोलणं मात्र सगळं मराठी. "काका, जरा टोचेल, हात सैल सोडा," हे दिवसातून कितीदा म्हणायचे. ब्रिटनला नोकरीसाठी जायचं ठरवलं तेव्हा कळलं, अडतंय ते नेमकं इथेच.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. ते पहिलीपासून आलं 2000 साली. पण शाळेवर मी खापर फोडणार नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षालाही इंग्रजी हा विषय होता, आणि त्या तासाला आम्ही काळ नि प्रयोग बदलत बसायचो. घाबरलेल्या माणसाला धीर कसा द्यायचा, हे कुणी इंग्रजीतून वदवून घेतलं नाही. याची मला आजही खंत वाटते.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने 2017च्या अखेरीस आयेल्ट्स या परीक्षेच्या जोडीला ओईटी स्वीकारली. ही परीक्षा खास आरोग्यक्षेत्रातल्या लोकांची. मी 2019मध्ये तयारीला लागले तेव्हा चारही भागांत बी श्रेणी लागायची, म्हणजे 500पैकी किमान 350. लेखनात सी प्लस चालू लागली ती नंतर, 2021पासून.

लेखनात पेशंटच्या नोंदी देतात. पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला, आणि पत्र साधारण 180 ते 200 शब्दांचं. नोंदी गरजेपेक्षा जास्त असतात. पत्र घरी येणाऱ्या नर्सला असेल तर ड्रेसिंग कधी बदलायचं, घरात सोबतीला कोण आहे, हे तिला हवं. कधीकाळचं अपेंडिक्सचं ऑपरेशन नको. काय गाळायचं हे व्याकरण सांगत नाही, तिथे वॉर्डातली वर्षं कामाला येतात.

खरी मेहनत बोलण्याच्या भागाची. हातात कार्ड, तीन मिनिटं विचाराला, मग पाच मिनिटं संवाद. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होऊन बसते. असे दोन प्रसंग. गुण नुसते उच्चारांना आणि व्याकरणाला नाहीत. पेशंटला कसली काळजी आहे ते विचारलं का, त्याला बोलू दिलं का, सांगितलेलं त्याला कळलं का हे पाहिलं का, यालाही आहेत. हे निकष वाचून मला बळ आलं, कारण हे तर मी रोज करत होते. क्लासमधली पाठ करायची वाक्यं मी बाजूला ठेवली. पेशंटने वेगळंच काही विचारलं की ती कोलमडतात. ड्युटीवरून आल्यावर दिवसभरातलं बोलणं आठवून ते इंग्रजीत मोठ्याने म्हणू लागले. इन्सुलिन नको म्हणून तोंड फिरवणाऱ्या आजी, "सिस्टर, पाय कापत्यात काय?" विचारणारा ऊसतोड मजूर, हेच माझे शिक्षक.

आता मी इंग्लंडमध्ये आहे. इथल्या वॉर्डातून रात्री डॉक्टरांना फोन करायचा तर एसबीएआरच्या क्रमाने बोलायचं: आत्ता काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि काय करायला हवं. शेवटचे दोन भाग माझ्यासाठी नवे होते. मिरजेत मी बीपी सांगून थांबायचे, पुढचं डॉक्टर ठरवायचे. इथे नर्सने मत द्यावं अशी अपेक्षाच असते. त्यासाठी इंग्रजीइतकंच धाडसही लागतं, आणि ते कुठल्याच परीक्षेत मोजत नाहीत.

मिरजेकडच्या मुली तयारीसाठी फोन करतात, तेव्हा मी त्यांना आजच्या एका पेशंटबद्दल याच क्रमाने बोलायला लावते. सुरुवात छान होते. शेवटाला आल्या की थबकतात. "ते डॉक्टर सांगतील ना, ताई."

"मीच डॉक्टर आहे असं समज. रात्रीचे दोन वाजलेत, मी घाईत आहे. बोल, काय करू?"

मग फोनवरची मुलगी अडखळत बोलू लागते, आणि मी मध्ये बोलत नाही.