मसुराचा रिश्ता

मंडळी, शेंगोळे ठाऊक नाहीत असा माणूस मराठवाड्यात तरी सापडायचा नाही. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून ते घट्ट भिजवायचं, दोन तळव्यांत चोळून सुतळीएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. भाजी नसली तरी चालतं, पोळी नसली तरी चालतं. 1972 च्या दुष्काळात मी ऐन विशीत होतो. ज्वारी दिसेना, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाव्या लागत. त्या दिवसांत घरात हुलगे निघाले तर आम्हाला सण वाटायचा.

आज सांगायचं आहे ते या शेंगोळ्यांच्या एका परदेशी भावंडाविषयी. लेबनॉनमध्ये अख्ख्या मसुराच्या पातळ आमटीत घरी कापलेल्या कणकेच्या पट्ट्या शिजवतात. त्याला म्हणतात 'रिश्ता'. थंडीच्या दिवसांत डोंगरातल्या गावांमधून तो हमखास होतो. त्यात मांस नसतं, म्हणून तिथल्या ख्रिस्ती घरांत उपासाच्या काळातही चालतो. (आपल्याकडे मसूर नैवेद्यालासुद्धा चालत नाही, उपास तर लांबच!)

नाव वाचून तुम्हाला हिंदी सिनेमा आठवला असेल. पण शब्द तोच आहे बरं का. फारसीत 'रिश्ता' म्हणजे धागा. आपण नातं म्हणतो तो अर्थ त्यातूनच आला. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे असले शब्द घरात कानावर पडत. पदार्थही काही कालचा नव्हे. बगदादला 1226 मध्ये लिहिलेल्या एका पाकपुस्तकात रिश्ता आहे. त्यात मांस आहे, पण हरभरे आणि अर्धी मूठ मसूरही आहे. कणीक पातळ लाटून बारीक कापावी आणि तुकडे चार बोटं लांब असावेत, असं तिथे सांगितलं आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या बगदादी माणसाचं माप आमच्या आजीच्या मापाशी जुळावं, याची मला मोठी गंमत वाटली.

आता हा पदार्थ वडीगोद्रीत कसा आला ते सांगतो. मुलगा-सून दुबईला असतात. त्यांच्या शेजारी एक लेबनॉनच्या बाई राहतात. आपल्याला बैरूत ठाऊक ते बातम्यांतून. एक तर 1975 ते 1990 ची यादवी, नाही तर 4 ऑगस्ट 2020 चा बंदरातला स्फोट. तिथल्या चुलीवर काय शिजतं हे कोण सांगणार? सूनबाई त्या बाईंकडून रिश्ता शिकली आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने तो आम्हाला करून दाखवला. सौ. पलंगावर बसून बघत होती. बघता बघता म्हणाली, "अगं, हे तर आपल्या शेंगोळ्याचं भावंड! वरणफळाचं म्हण हवं तर."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. जुन्या वाचकांना माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी सौ.ला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र राहिला. तेव्हापासून तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पोळ्यांना बाई येते, वरण-भात मी लावतो. शेंगोळ्यांना दोन तळवे लागतात. म्हणून घरात त्यांचं नावही निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आपण करून बघू. दोघांपुरतं माप सांगतो. अर्धी वाटी अख्खे मसूर धुऊन चार वाट्या पाण्यात शिजत लावले. कुकर नको, पातेलंच बरं. अर्ध्या तासात मऊ होतात. अर्धी वाटी कणीक मीठ घालून घट्ट भिजवली आणि झाकून ठेवली. एक मोठा कांदा उभा चिरून तेलात चांगला तपकिरी होईपर्यंत परतला. तिकडे ऑलिव्हचं तेल वापरतात. आमच्या दारावरून धुळे-सोलापूर महामार्गाने सगळं जग जातं, पण ऑलिव्हचं तेल काही वडीगोद्रीला उतरत नाही. करडीचं तेल घेतलं. काही बिघडलं नाही.

कणीक लाटली आणि पट्ट्या कापायला सुरी घेतली, तर मागून आवाज आला, "अहो, ती सुरी इकडं द्या." सौ. दाराला धरून उभी होती. तिला खुर्ची दिली, पाट पुढे ठेवला. डाव्या हाताने तिने कापायला सुरुवात केली. एक पट्टी बोटभर रुंद, तर दुसरी दोरीसारखी. पोळी सरकू नये म्हणून मी एक कड धरून ठेवली होती. दोघंही बोलत नव्हतो. एवढ्याशा कणकेला वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मध्येच ती म्हणाली, "तिकडं पाणी आटायलंय बघा." आटलंच होतं. वाटीभर गरम पाणी वाढवलं.

पट्ट्या सुटं पीठ लावून आमटीत सोडायच्या. त्या पिठानेच आमटी दाटते. आठ-दहा मिनिटांत शिजतात. मग तो परतलेला कांदा, तेलात तळलेला ठेचलेला लसूण आणि मूठभर कोथिंबीर, थोडी जिरेपूड. खाली उतरवल्यावर लिंबू पिळायचं. लिंबाशिवाय खाऊ नका, सगळी मजा त्यातच आहे.

चव कशी होती? सौ.चं मत, "मीठ कमी आहे, आणि हिरवी मिरची पाहिजे होती." दोन वर्षांत माझ्या स्वयंपाकाला तिने एकदाही नाव ठेवलं नव्हतं. जे वाढेन ते मुकाट्याने खायची. त्या दिवशी तिने नावं ठेवली, आणि वर आणखी एक वाडगं मागितलं.

आता दर सोमवारी रिश्ता होतो. पट्ट्या थोड्या सरळ येऊ लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात हुलगे दळून आणले आहेत. लाटून कापले तर शेंगोळे एका हाताने जमतील, असं माझं म्हणणं. सौ. म्हणते, कापाल खुशाल, पण वळल्याशिवाय त्याला शेंगोळे म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या भागात हुलग्याच्या कापलेल्या फळांना काही नाव असेल तर जरूर कळवा. येत्या सोमवारच्या आत कळवलंत तर फार बरं होईल.