समोरच्याची सवय

'टेकन' या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा ऑनलाइन सामना शेजारून बघणाऱ्याला नुसती बटणांची खडखड वाटते. प्रत्यक्षात सगळा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागाचा असतो. त्या भागाला आम्ही फ्रेम म्हणतो. जॅब, म्हणजे सगळ्यात चपळ ठोसा, बहुतेक पात्रांचा 10 फ्रेममध्ये पोचतो. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे 15 फ्रेम लागतात. त्यामुळे जॅब बघून अडवणं कुणाच्याच हातात नाही, तो आधी ओळखावा लागतो. मला नाद लागला तो या ओळखण्याचा.

ओळखायची असते समोरच्याची सवय. पडल्यावर उठताना हा दरवेळी लाथ घालतो का? भिंतीला टेकला की गडबडून बटणं बडवतो का? पहिल्या राउंडमध्ये मी मारतो कमी, बघतो जास्त. काँबो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले वार, ट्रेनिंग मोडमध्ये घोटून घोटून जमतो. पण जड लाथ समोर दिसत असताना हात आवरायचा, ती अडवायची आणि मारणारा सावरेपर्यंतच्या मोजक्या फ्रेममध्येच आपला ठोसा बसवायचा, हे अंगात मुरायला फार वेळ लागतो.

व्हिडिओ गेम पार्लरच्या काळात समोरचा कोपराला कोपर लावून उभा असायचा. त्याच्या श्वासावरूनही काही कळायचं. आता मी छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या खोलीत असतो आणि तो पुण्यात, नाहीतर हैदराबादेत. त्याने दाबलेलं बटण माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्यावरचा तोडगा म्हणजे रोलबॅक. अमेरिकेतल्या टोनी कॅननने त्यासाठी 'जीजीपीओ' ही प्रणाली लिहिली. यात यंत्र समोरच्याच्या बटणाची वाट बघत थांबत नाही. तो मघाशी करत होता तेच आत्ताही करत असेल, असं धरून खेळ पुढे नेतं आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे जाऊन दुरुस्त करतं. म्हणजे यंत्रसुद्धा सवयीवरच डाव लावतं!

तरी तारेला पर्याय नाही. वायफायवर खेळणाऱ्याची चाल मध्येच उड्या मारते, म्हणून मी राउटरपासून केबल ओढून घेतली. राउटरला छोटा इन्व्हर्टरही लावला. उन्हाळ्यात ऐन राउंडमध्ये लाइट गेली, तर समोरच्याला वाटतं, गडी हरायला लागला म्हणून पळाला.

2019मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश जपानमधली आणि लास व्हेगासमधली, अशा 'इव्हो' या फायटिंग गेमच्या मोठ्या मेळाव्याच्या दोन्ही 'टेकन 7' स्पर्धा जिंकला. तोवर पाकिस्तानातल्या खेळाडूंची जगाने फारशी दखल घेतली नव्हती. आमच्याकडे पाकिस्तानात आणखीही तगडे खेळाडू आहेत, असं तो सांगत राहिला. म्हणजे तयारी नावाजलेल्या ठिकाणावर अडत नाही, रोज भिडणाऱ्या चांगल्या जोडीदारांवर अडते. ऑनलाइनने आम्हाला ते दिले.

पण ते रात्री दोन वाजताही मिळतात, हीच यातली गोम आहे. हरलं की बोट आपोआप 'रीमॅच'वर जातं. रँक घसरलेली असते, डोकं तापलेलं असतं आणि तापलेल्या डोक्याने खेळणारा एकच चाल पुन्हा पुन्हा टाकतो. अशा माणसाला हरवणं सगळ्यात सोपं, हे मला समोरच्याकडे बघून ठाऊक आहे. ज्याला दुसऱ्याची सवय वाचता येते, त्याने स्वतःचीही वाचावी. म्हणून या खेळात येणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे: लागोपाठ दोन सामने हरलात तर तिसरा लावू नका. रिप्ले बघा, आपण कुठे ओळखले गेलो ते शोधा आणि झोपा.