गालिच्याखालची जमीन

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी लेकीच्या घरी आम्ही उभयता गतवर्षी सहा महिने राहून आलो. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या परिसरात स्थायिक आहेत. त्यामुळे ओक ट्री रोडवरील साड्यांची, सराफांची आणि फरसाणाची दुकाने, तेथील रविवारची गर्दी यांचे वर्णन नव्याने करण्याचे कारण नाही. नायगाऱ्याविषयीही पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहावयाचे आहे ते एका घराच्या जमिनीविषयी.

या गावाचे जुने नाव रॅरिटन टाऊनशिप. थॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये येथील मेन्लो पार्क भागात आपली प्रयोगशाळा थाटली होती. त्या स्मरणार्थ १९५४ मध्ये गावाने त्यांचे नाव घेतले. लेकीचे घर त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये बांधलेले. उतरते छप्पर, समोर दोन खिडक्या, तळमजल्यावर दिवाणखाना व दोन खोल्या, आणि पोटमाळ्याच्या जागी वर एक खोली. दारात जुने झाड, मागे हिरवळ. घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत फिक्या बदामी रंगाचे कार्पेट. आधीच्या मालकीणबाई वयोवृद्ध होत्या. त्यांच्याकडे एक कुत्रा आणि दोन मांजरे होती, हे शेजाऱ्यांकडून नंतर कळले.

पहिले काही दिवस काहीच जाणवले नाही. जुलै उजाडला, हवा दमट झाली, आणि दिवाणखान्यात एक उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास उठू लागला. जनावराच्या लघवीतील युरिक आम्लाचे खडे पाण्यात सहजी विरघळत नाहीत. वरून कार्पेट कितीही धुतले तरी ते तळाशी राहतात, आणि दमट हवेत वास पुन्हा जागा होतो. लेकीने दोनदा यंत्र आणून कार्पेट धुतले होते. उलट पाण्याबरोबर घाण आणखी खोल गेली असावी. आमची नात तेव्हा दहा महिन्यांची, नुकती रांगू लागलेली. पण तिची आई तिला जमिनीवर सोडीत नसे. मूल दिवसभर कडेवर, नाहीतर जाळीच्या पाळण्यात. पाळण्याच्या कडा धरून ती बाहेर पाहत राही. ते पाहवत नसे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. घर घेण्यापूर्वी लेकीने सर्व कागद मला पाठविले होते. तिकडे खरेदीआधी तज्ज्ञाकडून घराची पाहणी करवून घेतात. त्याचा सविस्तर अहवालही आला होता. मी चष्मा लावून, पेन्सिलने खुणा करीत तो वाचला. छप्पर, बॉयलर, विजेच्या तारा, सगळे तपासले. त्यात एक ओळ होती: कार्पेटवर पाळीव जनावरांचे डाग आहेत, कार्पेटखालील जमीन पाहणीत समाविष्ट नाही. ती ओळ मी वाचली आणि पुढे गेलो. "कागद स्वच्छ आहेत, घ्या," असा निर्वाळा मी फोनवर दिला. आमच्या निवृत्तीच्या रकमेतील काही भागही त्या घरात गेला आहे.

बँकेत असताना माल-तारण कर्जांची गोदामे तपासण्याचे काम मी कित्येक वर्षे केले. व्यापारी वाचकांना सांगावयास नको की थप्पीची वरची पोती नेहमीच उत्तम असतात. नवीन अधिकाऱ्यांना मी बजावीत असे की तळाचे पोते काढावयास लावा, हमाल कुरकुरले तरी चालेल. एकदा हरभऱ्याच्या थप्पीखाली भुसा भरलेली पोती मी स्वतः पकडली होती, आणि ती हकिगत मी बऱ्याच वेळा, कदाचित जरुरीपेक्षा जास्त वेळा, घरी सांगितली आहे. लेकीच्या घराचे मात्र मी वरचेच पोते पाहिले.

जावईबापू शांत स्वभावाचे. ते एके सायंकाळी म्हणाले, "पप्पा, जरा इकडे या." खिडकीखाली जमिनीत गरम हवा येण्याची लोखंडी जाळी असते. त्यांनी ती नुसती उचलली आणि टॉर्च धरला. भोकाच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते: वर कार्पेट, त्याखाली फोमची चुरा झालेली गादी, आणि तिच्याखाली पाऊण इंच जाडीचे लाकूड. दोन मिनिटांचे काम. खरेदीआधी कोणालाही ते करता आले असते.

असे चांगले लाकूड झाकले का गेले असेल? याचे उत्तर शोधता शोधता मी पुन्हा माझ्याच व्यवसायात येऊन पोहोचलो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट ही श्रीमंतांची चैन होती. पुढे जॉर्जिया राज्यातील डाल्टन या गावी, जेथे आधी हाताने टाके घातलेली पलंगपोसे बनत, तेथे यंत्राने कापडात धागे टोचून कार्पेट बनू लागले. नायलॉन आल्यावर ते आणखी स्वस्त झाले. आणि साठच्या दशकात सरकारी हमीच्या गृहकर्जात कार्पेटचा खर्चही धरता येऊ लागला. म्हणजे दहा-पंधरा वर्षे टिकणारी वस्तू तीस वर्षांच्या हप्त्यांवर! कोणत्याही कर्ज-अधिकाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा हा हिशेब आहे. पण लोकांना पायाखाली मऊ हवे होते, आणि लाकडी जमिनीला मेण लावण्याचा गृहिणींना कंटाळा आला होता. आधी लाकूड घालून घेतलेल्या घरांतही मग त्यावर कार्पेट ठोकले गेले.

आपल्याकडेही अंथरण्याची परंपरा आहेच. आमच्या आजोबांच्या पेढीवर शहाबादी फरशी होती. तिच्यावर जाजम, जाजमावर गादी, तक्क्या आणि लोड. परंतु दिवाळीपूर्वी सारे उचलले जाई. जाजम अंगणात दोरीवर टाकून काठीने झोडपले जाई, आणि फरशी धुऊन दोन दिवस उघडी ठेवली जाई. अंथरलेले उचलावयाचे असते, हे गृहीतच होते. येथे ते खिळ्यांनी जडवलेले.

नवे कार्पेट घालण्याचा अंदाज सुमारे तीन हजार डॉलर आला. जुने काढून लाकूड घासून पॉलिश करण्याचा खर्चही, लाकूड चांगले निघाल्यास, जवळपास तेवढाच. वाईट निघाल्यास किती, हे कोणी सांगेना. मी नवे कार्पेट सुचविले. रक्कम निश्चित होती, एवढेच माझे कारण. लेक म्हणाली, "पप्पा, खाली काय आहे ते न बघता पुन्हा झाकायचं?" यावर मजजवळ उत्तर नव्हते.

काम आम्ही घरीच केले. ज्यांची मुले असे जुने घर घेतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते. भिंतीकडेची लाकडी पट्टी खरवडण्यापूर्वी त्याची तपासणी करावी. कार्पेटखाली जुन्या लहान चौकोनी टाइल्स किंवा काळा डिंक दिसला तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याला हात न लावता आधी तपासून घ्यावे. आमच्याकडे ते नव्हते. नातीला आणि तिच्या आजीला त्या दिवसांसाठी मैत्रिणीच्या घरी पाठविले आणि तोंडाला मास्क बांधून आम्ही तिघे बसलो.

कोपऱ्यात पकडीने कार्पेट धरून ओढले की ते खिळेपट्टीवरून चरचर सुटते. ही खिळेपट्टी म्हणजे भिंतीलगत ठोकलेली लाकडाची बारीक पट्टी. तिच्यावर वाकडे, अणकुचीदार खिळे कार्पेटला खालून धरून ठेवतात. कटरने हात-दीड हाताच्या पट्ट्या कापून गुंडाळ्या केल्या. खरी मेहनत पुढे होती. फोमची गादी स्टेपलच्या पिनांनी ठोकलेली. फोम हाताला येई, पिना लाकडात राहत. दिवाणखान्यातच त्या शेकड्यांनी असतील. गुडघ्यांखाली उशी घेऊन, एकेक पीन पकडीने उपटत मी तीन दिवस सरकत होतो. कार्पेटखाली जी धूळ साठली होती तिचे वर्णन करीत नाही. भिंतीच्या कडेला कार्पेटमधील किड्यांच्या वाळलेल्या काती होत्या. रोज यंत्राने झाडले जाणारे घर होते ते.

आणि खाली ओक होता. सव्वादोन इंच रुंदीच्या, एकमेकींत खाचेने बसवलेल्या पट्ट्या, तांबूस लाल, रेघारेघांच्या. तांबडा ओक हा १९५० पासून न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे. खोलीच्या मधल्या भागात तर जुने पॉलिश अजून चमकत होते. शेजारचे वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. मालकीणबाईंची मुले लहानपणी मोजे घालून याच जमिनीवर घसरत खेळत, असे ते म्हणाले. त्यांना ती पुन्हा दिसेल असे वाटले नव्हते.

पण खिडकीजवळ आणि भोजनगृहाच्या दाराशी जमीन काळी होती. डागाळलेली म्हणण्यासारखी नव्हे, जळल्यासारखी काळी. ओकच्या लाकडात टॅनिन असते. लघवीतील अमोनिया त्यावर चढला की लाकूड आतवर काळवंडते. लोखंडी पिनांभोवती ओल गेली की तेथेही काळी वर्तुळे उमटतात. आपल्याकडचे जुने रंगारी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून कापडावर काळा रंग चढवीत. तीच ही क्रिया, फक्त नको त्या जागी. पिनांची वर्तुळे ऑक्झॅलिक ॲसिडने बरीच गेली. लघवीचे डाग फिके झाले, पण गेले नाहीत.

कारागीर आला. त्याने पट्टीवर चाकूचे टोक दाबून पाहिले. काही पट्ट्या मऊ झाल्या होत्या, त्या काढणे भाग होते. नव्या ओकचा रंग जुन्याशी जुळत नाही. तेव्हा त्याने खोल्यांतील भिंतीतल्या कपाटांत पाहिले. कपाटांच्या तळाशीही कार्पेटखाली तोच १९५५ चा ओक होता. त्याने तेथील पट्ट्या काढून दिवाणखान्यात विणल्यासारख्या बसविल्या, आणि कपाटांत साधे लाकूड घातले. अडचणीच्या वेळी न दिसणाऱ्या खात्यातून रक्कम वळती करणे मी उभा जन्म नाकारले, पण येथे ते मला फार आवडले.

जे डाग राहिले त्यांतून वास येऊ नये म्हणून पॉलिशपूर्वी लाखेच्या द्रावणाचा हात द्यावा, तो वास पक्का कोंडतो, असे कारागिराने सुचविले. लाख म्हटल्यावर सौ. थबकली. लाख किड्यांपासून येते आणि फांद्यांवरून ती खरवडताना असंख्य जीव जातात. तिने ठाम नकार दिला. आमच्या घरच्या दारांना आणि देव्हाऱ्याच्या चौकटीला वर्षानुवर्षे चपडीचेच पॉलिश आहे, हे मला आठवले, पण त्या क्षणी बोललो नाही. नंतर बोललो. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "ते माहीत नव्हतं. हे माहीत आहे." मग वास खाणारे एन्झाइमचे द्रावण दोनदा मुरवून, पुरते वाळवून, यंत्राने जमीन घासून पाण्यातील पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. कामास आठवडा अधिक लागला, खर्चही अंदाजापेक्षा वाढला. तो वाढीव भाग मी दिला. लेक नको म्हणत होती. मी ऐकले नाही.

खिडकीजवळच्या तीन पट्ट्या अजूनही सावळ्या आहेत. कपाटांतील लाकूड तेवढे पुरले नाही. म्हातारा कुत्रा शेवटची दोन वर्षे तेथेच पडून असे, हेही त्या शेजाऱ्यांनीच सांगितले. ऑगस्टच्या दमट दिवसांत मी रोज सकाळी तेथे गुडघ्यावर बसून वास घेत असे. आला नाही.

नातीला प्रथम जमिनीवर सोडले तेव्हा ती रांगलीच नाही. तळहात आपटून पाहत बसली. कार्पेटवर आवाज होत नसे, लाकडावर होतो. तो आवाज तिला फारच पसंत पडला, आणि पुढील कित्येक दिवस दुपारची झोप आम्हा कोणालाही मिळाली नाही.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात, आम्ही राहत होतो त्या वरच्या खोलीत मला रात्री झोप येईना. तेथील कार्पेट तसेच होते. दिवा न लावता, सौ.ची झोपमोड होऊ न देता, पकडीने कोपरा उचलून मी टॉर्च मारला. खाली ओक नव्हता, साधे प्लायवूड होते. कोपरा पुन्हा खिळ्यांवर दाबून बसवला, आणि सकाळी चहाच्या वेळी लेकीला तसे सांगितले.

"पप्पा, रात्री हे करत होतात?" ती हसत म्हणाली. "आम्हाला वाटलं, वर उंदीर झालेत."