फोटोत न मावणारा रंग

पुण्याच्या एका ताईंकडून साडी परत आली. सोबत व्हॉट्सॲपवर एकच ओळ होती, ‘रंग फोटोसारखा नाही.’

ताईंचं काही चुकलं नव्हतं. ती पैठणी धूपछाव होती, ताणा हिरवा आणि बाणा जांभळा. हातात घेऊन हलवली की एका अंगानं जांभळी दिसते, दुसऱ्या अंगानं मोरपंखी झाक मारते. माझ्या मोबाइलनं त्यातला नुसता जांभळा टिपला होता. आमच्या अण्णांनी दीड महिना मागाच्या खड्ड्यातल्या पावड्यांवर पाय ठेवून जो रंग विणला, तो फोटोत आलाच नव्हता.

पूर्वी लग्नाची पैठणी घ्यायला माणसं येवल्यात आमच्या घरी यायची. बायका पदर दारात उजेडाला नेऊन बघायच्या. आता निम्म्या साड्या फोनवरच जातात. फोनला मी नावं ठेवणार नाही. मधला व्यापारी गेला आणि विणाईचे पैसे पहिल्यांदा पूर्ण आमच्या हातात आले.

मागाला नवं यंत्र नवं नाही. फ्रान्सच्या जकारनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग काढला. कुठला धागा उचलायचा हे भोकं सांगणार. पुढे संगणकालाही अशाच कार्डांवरून कामं सांगितली गेली. त्याच्याच नावाचं जकार्ड आमच्याकडे बसलं तेव्हा काठ आणि अंगभर बुट्टे त्याच्यावर गेले, गिऱ्हाइकं भरजरी मागू लागली. पदरावरचा मोर मात्र अजून हाताचाच. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवत जायचं. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. पॉवरलूमच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. फसलेल्या गिऱ्हाइकांना हे कळलंय. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न येतो, ‘मागची बाजू दाखवा.’ हा प्रश्न ऐकला की मला फार बरं वाटतं.

पण धूपछावचं दुखणं राहिलंच. साडी परत आल्यापासून आम्ही ताणा-बाणा एकाच रंगाचे असेच जास्त लावले, कारण ते फोटोत जसेच्या तसे येतात. कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून एक रंग आमच्या मागावरून उतरत चालला होता. अण्णा बोलले नाहीत, पण गेल्या महिन्यात त्यांनी पुन्हा हिरवा ताणा लावला.

परवा साडी उतरली. चारच्या तिरप्या उन्हात अण्णा पदर धरून दारात उभे राहिले. मी व्हिडिओ सुरू केला आणि फोन फिरवू लागलो.

“तू हलू नकोस,” अण्णा म्हणाले. “साडी मी हलवतो.”