सिक्के वाचणारी माणसे

जुन्या काळी बादशहा तख्तावर बसला की त्याच्या नावाने दोन गोष्टी सुरू होत. एक जुम्म्याचा खुतबा आणि दुसरा सिक्का. बादशहा गेला की खुतब्यातले नाव बदले. सिक्का मात्र लोकांच्या कमरेला, गाडग्यात, शेताच्या मातीत राहून जाई. म्हणून बादशहांची नावे टिकली. पण तो घासलेला सिक्का उजेडात धरून ज्यांनी त्यावरचे नाव वाचले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आम्ही मालेगावचे. नाशिकचे नव्हे, वाशिम जिल्ह्यातले. आमच्या भागात नाण्यांचा नाद असलेली माणसे पूर्वी गावोगाव असत. कोणी उर्दू शाळेतले मास्तर, कोणी शिंपी, कोणी बाजारात बसणारे बांगडीवाले. आमच्या मोहल्ल्यातही असे एक बुजुर्ग होते. सगळा गाव त्यांना सिक्केवाले चाचा म्हणे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांची सारी दौलत होती. भोकाचा पैसा, चवली, पावली, निजामाचा चारमिनारवाला रुपया, एलिचपूरच्या टांकसाळीचा एखादा मोगली रुपया. पोरांना ते चारमिनारच्या दारातले अक्षर शोधायला लावत. 'मीम' दिसला तर महबूब अली खान, 'ऐन' दिसला तर उस्मान अली खान. अरबी अक्षरओळख आमच्यापैकी कित्येकांची त्या दारातच झाली. शहाजहानचा कलमा असलेला रुपया मात्र ते वजू केल्याशिवाय हाती घेत नसत. औरंगजेबाने सिक्क्यावरचा कलमा बंद केला तो याच कारणाने, असे ते सांगत. पैसा कोणाच्याही हाती जातो, पायाखाली येतो, पाक शब्दांची बेअदबी होते.

प्रत्येक नाणे कागदाच्या पुडीत असे. पुडीवर एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलेले: कोणाचे, कुठल्या 'जर्ब'चे म्हणजे टांकसाळीचे, कोणत्या गावी, कोणाकडून मिळाले. चाचा अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या आजारपणाचे कर्ज होते. डबा सराफाकडे गेला. सराफाने पुड्या सोडल्या, चांदी एका पारड्यात घातली, कागद टोपलीत टाकले. मोगली रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो, जवळजवळ एक तोळा. तेवढ्या चांदीची किंमत आली. मुलांना आम्ही दोष देत नाही. कर्ज फेडणे हे वारसांचे पहिले काम, आणि ते त्यांनी केले. पण त्या दिवशी चांदीपेक्षा मोलाची वस्तू टोपलीत गेली, हे सांगणारे तिथे कोणी नव्हते.

त्या कागदाचे मोल काय, याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आपण मंगरूळपीर ओळखतो. त्याच तालुक्यातले तऱ्हाळा हे गाव. १९३९ साली तिथे सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. दीड हजारांच्या आसपास नाणी, तीही चांदीची नव्हेत, हलक्या मिश्रधातूची. सराफाने त्यांना हातही लावला नसता. नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी (१८९३-१९८५) यांनी ती एकेक करून वाचली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर लेख लिहिला. पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी हे राजे या नाण्यांनी इतिहासात आणले. हीच नाणी सुटी-सुटी बाजारात फुटली असती, तर 'तऱ्हाळा' हा शब्द त्यांच्यापासून तुटला असता. मग अमक्या राजांची नाणी वऱ्हाडात चालत होती, हे कशावरून म्हणायचे? नाणे राजाचे नाव सांगते. ते कुठे सापडले, हे माणसानेच लिहून ठेवावे लागते.

मिराशींसारखी माणसे प्रत्येक समाजात झाली, आणि त्यांनी एकमेकांच्या बादशहांची नावे वाचली. जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजातले शाहपुरशाह होडीवाला पारशी होते. फारसी तवारिखा समोर ठेवून त्यांनी मोगली नाण्यांची कोडी सोडवली; १९२३ साली निघालेले त्यांचे पुस्तक अभ्यासकांना अजून लागते. हैदराबादच्या सरकारी संग्रहालयातल्या बहामनी नाण्यांची सूची मुहम्मद अब्दुल वली खान यांनी केली, ती १९६४ साली छापली गेली. आमचा वऱ्हाड हा बहामनी राज्याचाच सुभा होता, म्हणजे ती आमच्याही घरची वही आहे. आझमगढचे परमेश्वरीलाल गुप्त (१९१४-२००१) स्वातंत्र्याच्या चळवळीतून आले, मुंबईच्या संग्रहालयात नाण्यांचा विभाग त्यांनी सांभाळला आणि उतारवयात नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. झियाउद्दीन देसाई (१९२५-२००२) हे तर नाण्यांहून शिलालेखांचे जाणकार. नागपूरच्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयातून त्यांनी मशिदी, दर्गे आणि कबरींवरचे अरबी-फारसी लेख वाचून प्रसिद्ध केले. पश्चिम भारतातल्या अशा लेखांची गाववार यादी त्यांनी १९९९ साली हाती दिली. दुसऱ्यांच्या कबरींवरची नावे वाचण्यात या माणसाची हयात गेली.

या मरहूमांची आठवण कशी करावी? पुतळे आपल्याकडे होत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. माणूस मेला की त्याचे अमल थांबतात, तीन गोष्टी मात्र चालू राहतात, हे आपण मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. त्यांपैकी एक म्हणजे लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म. होडीवालांचे पुस्तक आणि वली खानांची सूची हे असे चालू राहिलेले इल्म आहे. चाचांच्या पुड्याही तेच इल्म होत्या. फरक एवढाच, की एक छापले गेले आणि दुसरे टोपलीत गेले.

मोठ्या संग्रहालयांची, मोठ्या सूचींची गोष्ट दूर राहो. घरोघर करता येईल असे काम सोपे आहे. घरात असा डबा असेल तर तो जमवणारा हयात असतानाच त्याच्याजवळ बसावे. नाणे कोणते, कुठून आले, हे वहीत लिहून घ्यावे. मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पुढे गरजेपोटी चांदी विकावी लागली तरी वही राहील. शेतात नवा ठेवा निघाला तर तो गुपचूप वितळवू नये. १८७८ च्या कायद्याने तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि कळवला तरच तऱ्हाळ्यासारखे गावाचे नाव त्याला चिकटून राहते.

जनाज्याच्या नमाजीआधी वारस उभा राहून विचारतो, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर सांगा. ही फार चांगली रीत आहे. पण मरहूम आपल्याला जे देऊन गेला, त्याचाही हिशेब कधीतरी कोणी विचारावा, असे आम्हाला वाटते.