सोलापुरातील एक रविवार

मावसबहिणीच्या नातीच्या नामकरणासाठी सोलापूरला जाण्याचा योग आला. रविवारी सकाळी दाजी म्हणाले, "चला पाव्हणं, गाव दाखवतो." मला वाटले, भुईकोट किल्ला किंवा सिद्धेश्वर तलाव दाखवतील. पण ते थेट जुन्या मिलच्या जागेकडे घेऊन गेले.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही मिल १८७७ साली सुरू झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली, तेव्हा दिल्ली हलली. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम निघाला, पुढे संसदेने कायदा केला आणि सरकारने कारभार हाती घेतला. कायद्याच्या प्रारंभीच कारण नमूद आहे: गैरकारभारामुळे उत्पादन घटले आणि गंभीर बेकारी पसरली. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात हा ताबा टिकला नाही, हे खरे. पण एका मिलच्या कामगारांची बेकारी देशाच्या कायद्यात लिहिली गेली, हेही तितकेच खरे.

दाजी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात तीही बंद झाली. "भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं," ते म्हणाले. पुढे त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणले, रात्रपाळीची वॉचमनकी केली. एक दिवसही ते घरी बसले नाहीत. मग त्यांना बेकार म्हणायचे की नाही?

दुपारी शेजारच्या मावशी सुपात तेंदूपाने घेऊन दारात बसल्या होत्या. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. खराब ठरलेल्या बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. मी विचारले, "मावशी, सर्वेक्षणवाले आले तर काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "काम करते म्हणून सांगीन. खोटं कशाला बोलू?"

वाचकहो, मेख इथेच आहे. सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या साप्ताहिक पद्धतीत मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. मावशी रोजगारात, दाजीही रोजगारात. पोट भरते का, हा रकानाच वेगळा.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून दुसरा आकडा पाहिला. जनगणनेप्रमाणे सोलापूर शहराची लोकसंख्या २००१ साली ८,७२,४७८ होती, २०११ साली ९,५१,५५८ झाली. वाढ सुमारे नऊ टक्के. त्याच काळात महाराष्ट्र सुमारे सोळा टक्क्यांनी वाढला. एवढे मोठे शहर राज्याच्या मागे का राहिले? एक उत्तर मला सोमवारी सकाळी स्टेशनवर दिसले. पुण्याला निघालेल्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पाठीवर सॅक घेतलेली पोरे होती. दाजींचा धाकटाही त्यांत होता. आयटीआय झालेला, पुण्यात कंत्राटी कामावर. गाव सोडलेला मुलगा गावच्या बेकारीत मोजला जात नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या कारकिर्दीत १९४५ साली सेवायोजन कार्यालयांची सुरुवात झाली. काम मागणाऱ्याचे नाव सरकारदरबारी नोंदवले जावे, हा त्यामागचा अर्थ.

तेच आपण वस्तीत करू शकतो. विहारात एक वही ठेवा. कोण किती शिकले, महिन्यात किती दिवस काम मिळाले, किती मजुरी पडली, कोण गाव सोडून गेले, एवढे चार रकाने पुरेत. दर पौर्णिमेला वही भरा. पुढाऱ्याकडे जाताना निवेदनासोबत ती वही न्या.

गाडी सुटताना दाजींनी खिडकीतून लेकाच्या हातात भाकरीचे गाठोडे दिले. "पोहोचलास की फोन कर," एवढेच म्हणाले. घरी आल्यावर मी वही घेतली आणि पहिले नाव दाजींचे लिहिले.