आज १८०, मग?

म्युनिकला आलात तर मारिएनप्लाट्झ आणि इंग्लिश गार्डन तुम्ही बघालच. लान्ड्सहूटर आले मात्र कुणी दाखवायला नेणार नाही. मिटलरर रिंग या वर्तुळाकार हमरस्त्याचा हा एक तुकडा. दिवसाला लाखाहून जास्त गाड्या, कडेने राहती घरं आणि हवा मोजणारं एक केंद्र. मी इथे प्रदूषित हवा आणि श्वसनाचे विकार यांच्या आकडेवारीवर पोस्टडॉक करते, त्यामुळे हे केंद्र माझ्यासाठी जवळजवळ तीर्थक्षेत्रच.

याच रस्त्यावर, केंद्रापासून साधारण ९०० मीटरवर, डीटर यानेचेक राहायचे. युरोपचा नियम असा, की हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचं, म्हणजे पीएम १० चं, दिवसाचं प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ पेक्षा जास्त वेळा जाता कामा नये. २००५ आणि २००६ मध्ये इथे ते त्याहून कितीतरी जास्त वेळा गेलं. यानेचेक कोर्टात गेले. (ते ग्रीन पक्षाचे, पुढे खासदारही झाले, तेव्हा अगदी सामान्य माणूस म्हणता येणार नाही.) पण त्यांनी मागितलं काय, ते बघा. मर्यादा पाळली जावी म्हणून सरकार लवकरात लवकर काय करणार, याचा कृती आराखडा.

म्युनिकच्या कोर्टाने दावा फेटाळला. प्रकरण वर वर जात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचलं आणि २५ जुलै २००८ ला निकाल लागला: अशा हवेची थेट झळ पोचणाऱ्या नागरिकाला आराखडा मागण्याचा हक्क आहे. त्या आराखड्याने हवा ताबडतोब मर्यादेत आलीच पाहिजे असं नाही. पण धोका कमीत कमी राहील आणि हवा हळूहळू मर्यादेत येईल, असे उपाय त्यात हवेत. कुणाला हा अर्धाच विजय वाटेल. मला तो मोठा वाटतो, कारण आराखडा कागदावर आला की पुढच्या भांडणाला काहीतरी धरायला मिळतं. आणि भांडण पुढे झालंच. त्याच वर्षी ऑक्टोबरात रिंगच्या आत जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मज्जाव झाला. मग वाद नायट्रोजन डायऑक्साइडवर गेला. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणि २०२४ च्या उन्हाळ्यात याच रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा. तीही बीएमडब्ल्यूच्या गावात!

आपल्याकडे हक्कांचा तुटवडा नाही. प्रदूषणमुक्त हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालय १९९१ मध्येच म्हणालं. मुंबईच्या हवेची उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. बांधकामांभोवती उंच पत्रे लावा, पाणी फवारा, असे नियम पालिकेने काढले. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही २०१९ पासून आहे. पण त्याची उद्दिष्टं म्हणजे अख्ख्या शहराच्या प्रदूषणात अमुक टक्के घट. ती टक्केवारी हातात घेऊन कोथरूडच्या गल्लीतल्या बाईने कुणाला काय विचारायचं?

ती बाई म्हणजे माझी आई. तिला दमा आहे. हिवाळ्यात ती रोज सकाळी 'सफर'चा आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवते. "आज १८० गं. मग?"

या 'मग?'चं उत्तर म्हणजेच आराखडा. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि आकाश नारिंगी झालं, तेव्हा तिथल्या तुमच्यापैकी कित्येकांना हाच प्रश्न पडला असेल. मुलांना मैदानावर सोडायचं का? खिडक्या लावल्या तरी घरात धूर येतो, त्याचं काय? आकडा मोबाइलवर सगळ्यांना दिसतो. तो अमुकच्या वर गेला की कोण काय करणार, हे आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

म्हणून मी आईसाठी एक कागद केला. १०० च्या वर फिरायला सकाळी नाही, दुपारी जायचं, कारण हिवाळ्यात पहाटेची थंड हवा धूर जमिनीलगत दाबून ठेवते. २०० च्या वर घरातच थांबायचं आणि रस्त्याकडच्या खिडक्या बंद. इन्हेलर कुठे, धाप लागली तर शेजारच्या कुलकर्णीकाकूंना हाक मारायची की आधी डॉक्टरांना फोन, सगळं मोठ्या अक्षरात. डॉक्टरांनाही तो दाखवून घेतला.

आईने तो फ्रिजवर लावला, नीट वाचला आणि म्हणाली, "यात सगळी कामं मलाच आहेत. समोर बिल्डरने मातीचा ढीग उघडा टाकलाय, त्याचं कलम कुठाय?"

त्या कलमाचा अर्ज तिने परवा स्वतः नेऊन दिला. पोच घेतली आहे. तिचा फोटोही पाठवलाय.